न्यूटन आणि कूपर: ओल्नीच्या गीतांमागची मैत्री

प्रश्न: वृंदगायिका

सर्वांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी नववर्षाच्या उपासनेत 'अमेझिंग ग्रेस' (अद्भुत कृपा) हे गीत गायले जाते आणि त्याआधी दहा मिनिटांचे निवेदन असते. त्या निवेदनाचा टंकलिखित कागद निदान वीस वर्षे या हातातून त्या हातात फिरत आला आहे. त्याच्या घड्या चिकटपट्टीने जोडलेल्या आहेत आणि दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी चहाच्या कपाचे वर्तुळ उमटलेले आहे. यंदा निवेदन माझ्याकडे आले आहे. कागदातली गोष्ट थोडक्यात अशी: जॉन न्यूटन नावाचा कप्तान (सफरचंदाचा न्यूटन नव्हे) गुलामांनी भरलेले जहाज घेऊन निघाला असता वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचले, त्याने तिथूनच जहाज मागे फिरवून गुलामांना मोकळे केले आणि मग जहाजाच्या डेकवर बसून हे गीत लिहिले.

वाचण्यापूर्वी पडताळून पाहावे म्हणून शोध घेतला, तेव्हा हे गीत १७७९ साली निघालेल्या 'ओल्नी हिम्स' या संग्रहातले असल्याचे कळले, आणि तो संग्रह न्यूटन व कवी विल्यम कूपर या दोघांचा असल्याचेही कळले. महाविद्यालयात आम्हांला इंग्रजीच्या पेपराला कूपर होता, पण त्याचे आणि आमच्या उपासनेतल्या गीताचे असे शेजारपण असेल, हे कधी मनात आले नव्हते. एक समुद्रावर वाढलेला, फारसे शालेय शिक्षण न झालेला माणूस आणि दुसरा उत्तम शाळेत शिकलेला, वकिलीची सनद असलेला, चार लोकांसमोर उभे राहायलाही भिणारा कवी, अशा दोघांचे जुळले कसे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. न्यूटनच्या कडक धर्मविचारांमुळेच कूपरच्या मनावर परिणाम झाला, असे मी एके ठिकाणी वाचले. ते खरे असेल तर या मैत्रीचा उल्लेख मंडळीसमोर करावा की नाही, याबद्दल माझे मन द्विधा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: जुना_वाचक

ताई, कागदातली गोष्ट ऐकायला गोड आहे, परंतु तिच्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावे लागेल. वादळ मार्च १७४८ मधले आहे. त्या वेळी न्यूटन तेवीस वर्षांचाही नव्हता आणि 'ग्रेहाउंड' नावाच्या त्या जहाजाचा कप्तान तर मुळीच नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी हालअपेष्टांत दिवस काढल्यावर तो त्या जहाजातून घरी निघाला होता. जहाजात गुलाम नव्हते. सोने, हस्तिदंत, रंगासाठी लागणारे लाकूड आणि मधमाश्यांचे मेण असा माल होता, आणि मेण व लाकूड पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे फुटलेले जहाज तरंगत राहिले, असे तो स्वतःच सांगतो. त्या रात्री त्याने देवाचे नाव घेतले हे खरे. परंतु गुलामांचा व्यापार त्याने त्यानंतर सोडला नाही. उलट १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः कप्तान होऊन तीन वेळा गुलाम घेऊन गेला, आणि थांबला तो एकाएकी आलेल्या आजारपणामुळे. पुढे लिव्हरपूल बंदरात त्याने सरकारी नोकरी केली, फावल्या वेळात घरच्या घरी ग्रीक आणि हिब्रू शिकला, आणि १७६४ साली दीक्षा मिळून बकिंगहॅमशायरमधल्या ओल्नी या गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून आला. गीत लिहिले गेले ते वादळानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, गावातल्या एका खोलीत.

आता कूपर. (स्पेलिंगवरून मराठीत पुष्कळदा 'काउपर' लिहितात, पण उच्चार कूपर असाच आहे.) त्याचा जन्म १७३१ सालचा, न्यूटनपेक्षा सहा वर्षांनी लहान. वडील पाळक होते, शिक्षण लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत झाले आणि पुढे वकिलीची सनद मिळाली. १७६३ साली नातेवाइकांच्या वशिल्याने त्याला उमरावांच्या सभागृहात कारकुनीची चांगली जागा मिळत होती, परंतु तिच्यासाठी सभागृहासमोर उभे राहून तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. त्या एका कल्पनेने त्याचे मन इतके खचले की त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले, आणि त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथेच पवित्र शास्त्र वाचताना त्याला विश्वासाचा आधार सापडला. बरा झाल्यावर तो हंटिंग्डन येथे अनविन नावाच्या पाळकाच्या कुटुंबात राहू लागला. जुलै १७६७ मध्ये अनविन घोड्यावरून पडून वारले आणि थोड्याच दिवसांत न्यूटन त्या घरी सांत्वनाला गेला. दोघांची पहिली भेट ती. त्याच वर्षी कूपर आणि श्रीमती मेरी अनविन हे दोघे ओल्नीला राहायला आले.

दोघांत साम्य काहीच नव्हते असे आपण म्हणता, त्याला मी थोडी मुरड घालीन. दोघांच्याही आया त्यांच्या सहाव्या वर्षीच गेल्या होत्या, आणि आपण बुडालेलो होतो व कुणीतरी हात धरून बाहेर काढले, ही खूणगाठ दोघांनीही मनाशी बांधलेली होती. बाकी सारे वेगळे. कूपर राहत होता ते बाजारपेठेतले घर आणि पाळकाचे घर यांच्यामध्ये कुणा तिसऱ्याची फळबाग होती. रस्त्याने वळसा घालून जाण्याचा या दोघांना इतका कंटाळा की त्या बागेतून ये-जा करण्याच्या हक्कासाठी ते मालकाला वर्षाला एक गिनी (त्या काळचे इंग्रजी सोन्याचे नाणे) देत असत. त्या जागेला पुढे 'गिनी फील्ड' हेच नाव पडले. शेजाऱ्याकडे जाण्यासाठी पैसे भरून वाट विकत घ्यावी, हा मला या मैत्रीचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

ओल्नी हे गरीब गाव होते. बायका-मुले घराघरांत बसून लाकडी फिरक्यांवर लेस विणत आणि त्यावर कशीबशी गुजराण होई. दर आठवड्याच्या प्रार्थना-सभेला गर्दी वाढली, तेव्हा १७६९ साली ती 'ग्रेट हाउस' या लॉर्ड डार्टमथच्या रिकाम्या वाड्यातल्या मोठ्या खोलीत भरू लागली. या सभेसाठी न्यूटन आणि कूपर गीते रचीत. न्यूटन उपदेशाचा उतारा समोर ठेवून जवळजवळ आठवड्याला एक गीत लिहून काढी. त्याचे शब्द साधे, बोलल्यासारखे, फिरकीवर बसलेल्या बाईला एकदा ऐकून कळतील असे. कूपरची गीते कमी, पण कवीच्या हातची. आणि जो माणूस एका तोंडी परीक्षेच्या भीतीने मरणाच्या दारापर्यंत गेला होता, तो या खोलीत उभा राहून मोठ्याने प्रार्थना करीत असे! आधी कित्येक तास त्याला कापरे भरे, पण तो उभा राही, गावातल्या आजाऱ्यांना भेटायला जाई आणि मरणाऱ्यांच्या उशाशी बसे.

१ जानेवारी १७७३ रोजी न्यूटनने पवित्र शास्त्रातल्या 'पहिले इतिहास' या पुस्तकातील अध्याय १७, वचने १६ आणि १७ यांवर उपदेश केला. 'हे परमेश्वर देवा, मी कोण आणि माझे घराणे काय, की तू मला येथवर आणावेस?' अशा अर्थाची दाविदाची ती प्रार्थना आहे, आणि आपल्याकडे गायले जाते ते गीत याच उपदेशासाठी लिहिले गेले. म्हणजे आपल्या मंडळीत ते नववर्षाच्या दिवशी गायले जाते हे नकळत अगदी योग्य होते. कूपर त्या सकाळी उपासनेला होता असे मानले जाते. त्याचे 'गूढ मार्गांनी देव आपली अद्भुते घडवतो' अशा आशयाचे प्रसिद्ध गीतही याच दिवसांतले, आजार उलटण्याच्या तोंडावरचे, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच रात्री त्याचे मन पुन्हा ढासळले. फेब्रुवारीत त्याला एक स्वप्न पडले आणि त्यात 'तुझे सारे संपले, तुझा नाश झाला' असे लॅटिन शब्द ऐकू आले. कृपा सर्वांसाठी आहे, फक्त आपण तिच्यातून वगळले गेलो आहोत, हा समज तेव्हापासून त्याच्या मनात जो रुतला तो मरेपर्यंत निघाला नाही. त्यानंतर तो कधी उपासनेला गेला नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथून पुढे सुरू होते, असे मला वाटते. एप्रिल १७७३ मध्ये कूपर न्यूटनच्या घरी आला आणि मे १७७४ पर्यंत तिथून हलला नाही. बागेच्या पलीकडे स्वतःचे घर असताना तो तिकडे जायला तयार होईना, आणि न्यूटन दांपत्याने वर्षभराहून अधिक काळ त्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या श्रीमती अनविन यांना सांभाळले. मे १७७४ मधल्या एका पत्रात न्यूटन कळवतो की काल कोंबड्यांना दाणे टाकत असताना काहीतरी बारीकसे घडले आणि आमचा मित्र हसला, आणि गेल्या सोळा महिन्यांहून अधिक काळात त्याच्या चेहऱ्यावर दिसलेले हे पहिलेच हसू असावे. सोळा महिने कुणाच्या तरी चेहऱ्याकडे इतक्या बारकाईने पाहत राहिल्याशिवाय असे वाक्य लिहिता येत नाही.

संग्रहाचे काम तोवर थांबलेच होते. प्रस्तावनेत न्यूटन लिहितो की मित्राच्या आजारामुळे आपण आपली वीणा वाळुंजांवर टांगली होती, म्हणजे गीतरचना थांबवली होती (स्तोत्र १३७ आठवावे), आणि त्याच्याशिवाय पुढे जायचे नाही असे काही काळ ठरवलेही होते. पुढे त्याने ते एकट्याने पुरे केले. एकूण ३४८ गीतांपैकी साधारण ६७ कूपरची आहेत. त्या गीतांपाशी 'सी' हे अक्षर छापलेले आहे, जेणेकरून आपल्या गीतांतल्या उणिवा मित्राच्या माथी मारल्या जाऊ नयेत. एका जिव्हाळ्याच्या मैत्रीचे स्मारक म्हणून हा ग्रंथ काढला, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर २: तंबोरा

जुना_वाचक यांनी इतके सविस्तर लिहिल्यावर मी फक्त गाण्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आपल्या निवेदनात या बाबतीतही एक गैरसमज पसरण्याची शक्यता आहे.

'ओल्नी हिम्स' हे शब्दांचे पुस्तक होते, त्यात चाली नव्हत्या. त्या काळी गीतांची मोजमापे ठरलेली असत, आणि या गीताच्या चार ओळींतल्या अक्षरांचे माप ८, ६, ८, ६ असे असल्यामुळे त्या मापाची कुठलीही चाल त्याला लागू शकत असे. आज जगभर आपण जी चाल गातो ती 'न्यू ब्रिटन' या नावाची, अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या लोकगायनातली आहे. ती या शब्दांशी पहिल्यांदा जोडली गेली १८३५ साली, विल्यम वॉकरच्या 'सदर्न हार्मनी' या पुस्तकात. न्यूटन वारला १८०७ साली. म्हणजे ही चाल या शब्दांना लागलेली त्याने ऐकलीच नाही. शेवटी 'दहा हजार वर्षे' असे जे कडवे गातात तेही त्याचे नाही, ते अमेरिकेतच मागाहून जोडले गेले.

आता मला ज्याचे फार अप्रूप आहे ते सांगतो. या चालीत पाचच स्वर आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपला भूप. हार्मोनियमवर पाहा: 'मंद्र प, सा, ग-सा, ग, रे, सा, मंद्र ध, मंद्र प' ही पहिली ओळ झाली, आणि दुसऱ्या ओळीत तीच सुरुवात घेऊन रेवरून एकदम मध्य पंचमावर उडी आहे. ती उडी म्हणजे गीताचा प्राण. ताल तीनाच्या पटीतला असल्यामुळे दादऱ्यात आरामात बसतो. मी हे पहिल्यांदा माझ्या गुरुजींना वाजवून दाखवले तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारले, 'हे देवळातले भजन कुठल्या गावचे?'

राग म्हणून यात भूपाचे चलन शोधू नये, ते सापडणार नाही, स्वर तेवढे तेच आहेत. पण आपल्या वृंदातल्या ज्यांना इंग्रजी पट्टी जड जाते त्यांना हे सांगितले की गळा लगेच मोकळा होतो, हा माझा अनुभव आहे.

मराठी शब्द बसवताना मात्र सावध राहावे. इंग्रजी ओळीत आघात एकाआड एक अक्षरावर पडतो, आणि मराठीला तो आघात मानवत नाही. त्यामुळे जुन्या भाषांतरित गीतांत कित्येकदा 'येशू' या शब्दातला 'शू' विनाकारण लांबतो आणि ऐकणाऱ्याला ते खटकते. आपल्याकडे मोठ्या अभंगाचे माप ६, ६, ६, ४ असे अक्षरांचे आहे आणि छोट्याचे ८, ८. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन यांचा मार्ग धरला, त्यामागे आपल्या माणसांच्या जिभेवर काय बसते याची हीच जाण होती. लेस विणणाऱ्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिणारा न्यूटन आणि जात्यावरच्या ओवीचा कान असलेले टिळक हे दोघे एकमेकांना बरोबर ओळखते.

जाता जाता एक गंमत. संगीतासाठी इतके केलेल्या या दोघा मित्रांना १७८४ सालचा संगीतकार हॅन्डेलचा मोठा स्मरणोत्सव मात्र अजिबात रुचला नव्हता. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये शेकडो वादक-गायकांनी त्याची 'मसाया' ही पवित्र शास्त्रातल्या वचनांवरची संगीतरचना सादर केली, तेव्हा लोक शब्दांतल्या तारणाऱ्याऐवजी संगीतकाराची पूजा करीत आहेत, अशी तक्रार कूपरने कवितेतून केली, आणि न्यूटनने त्याच वचनांवर पन्नास उपदेश दिले. माझ्यासारख्या गाणाऱ्या माणसाला ही तक्रार थोडी कोती वाटते, पण त्या दोघांचे यावरही एकमत होते, हे पाहून हसू येते.

उत्तर ३: शंकेखोर

माहितीबद्दल दोघांचेही आभार. परंतु जुना_वाचक यांनी न्यूटनच्या पारड्यात जरा जास्तच वजन टाकले आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

एक तर ज्या माणसाने आधीच एकदा मन गमावले होते त्याला आजाऱ्यांच्या, मरणाऱ्यांच्या घरी पाठवणे, सभेत प्रार्थनेला उभे करणे आणि वर गीतांचे काम देणे, हे शहाणपणाचे होते काय? कूपरची चुलतबहीण लेडी हेस्केथ हिने न्यूटनला दोष दिला होता आणि पुढच्या चरित्रकारांपैकी काहींनी तीच री ओढली, ते काही केवळ आकसाने नव्हे. दुसरे म्हणजे न्यूटन १७८० साली लंडनला गेल्यानंतरही त्याचा पाळकपणा सुटला नाही. १७८६ साली कूपर ओल्नीजवळच्या वेस्टन अंडरवूड या गावी राहायला जाण्याच्या सुमारास तिथल्या थ्रॉकमॉर्टन या कॅथलिक कुटुंबाशी त्याचा घरोबा जमला. जन्मात कधी नव्हे ते त्याला चार हसतेखेळते शेजारी मिळाले होते, आणि न्यूटनने लंडनहून पत्र धाडून त्याबद्दल कानउघाडणी केली. कूपरला ते लागले, आणि त्याने ते लपवलेही नाही. मित्र म्हणून हे मला क्षम्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट गुलामांची. वादळानंतर सहा वर्षे हा माणूस त्या व्यापारात राहिला आणि त्याविरुद्ध जाहीरपणे लिहायला त्याला १७८८ साल उजाडले. म्हणजे जहाज सोडल्यानंतर चौतीस वर्षे. कृपेची गोड गीते गाताना त्या गीतांच्या वेळी तो या पापाबद्दल लोकांसमोर गप्प होता, हे मंडळीला सांगितले जाणार आहे की नाही?

उत्तर ४: जुना_वाचक

शंकेखोर, आपली तिसरी हरकत मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ताईंच्या निवेदनात ती आलीच पाहिजे. १७८८ च्या त्या पत्रकात न्यूटन स्वतः म्हणतो की ही कबुली उशिरा येत आहे आणि ज्या धंद्यात आपण एके काळी राबलो त्याच्या आठवणीने आता अंगावर काटा येतो. मी त्यात एकच जोडीन: त्याच १७८८ साली कूपरनेही गुलामाच्या तोंडून बोलणारी कविता लिहिली आणि ती चळवळीच्या कामी आली. गीतांचा संग्रह त्यांचा एकत्र होता, पण आठ वर्षे वेगवेगळ्या गावी राहिल्यानंतरही दोघांची लेखणी एकाच वर्षी एकाच कामाला लागली.

पहिल्या हरकतीबाबत मात्र मी सहमत नाही. आजार न्यूटनच्या आधीचा आहे. १७६३ चा प्रसंग मी वर सांगितलाच, आणि त्याच्याही आधी, विशी ओलांडल्यावर, कूपरने एक दीर्घ उदासी भोगलेली होती. १७७३ चा झटका आला त्याच्या आधी श्रीमती अनविन यांच्याशी त्याचा विवाह ठरत होता, हेही विसरून चालणार नाही. आणि 'मी एकटाच वगळला गेलो' हा विचार न्यूटनच्या उपदेशात कुठेच बसत नाही. न्यूटनने तो खोडून काढण्याचा जन्मभर प्रयत्न केला, तो हरला, एवढेच. कामात गुंतवले तर मन सावरेल, हा त्याचा अंदाज चुकला असेल. तसा अंदाज आजही घरोघरचे लोक करतात आणि चुकतात. अखेर कूपरला थोडा विसावा मिळाला तो सशांमुळे. १७७४ साली मिळालेल्या तीन पिल्लांची नावे त्याने पस, टायनी आणि बेस अशी ठेवली. तिन्ही नर होते, बेससुद्धा! संध्याकाळी ते दिवाणखान्यात गालिच्यावर उड्या मारीत आणि हा बसून पाहत असे. पाळकाला जे जमले नाही ते सशांना जमले, असे आपण म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

कानउघाडणीचे पत्र मलाही आवडत नाही. तरी एक पाहावे, की कूपर रागावला पण तुटला नाही. न्यूटनशी त्याचा पत्रव्यवहार १७९९ पर्यंत चालू होता, आणि २५ एप्रिल १८०० रोजी कूपर वारला तेव्हा न्यूटनने त्याच्या स्मरणार्थ उपदेश केला. त्याने नंतर लिहून ठेवले आहे की जवळजवळ बारा वर्षे जागेपणी आणि घरी असताना आम्ही सात तासही एकमेकांपासून दूर नसू; पहिली सहा वर्षे मी रोज त्याचे कौतुक करीत त्याच्यासारखे होण्याचा प्रयत्न केला आणि पुढची सहा वर्षे मृत्युछायेच्या दरीतून त्याच्याबरोबर विषण्ण मनाने चालत राहिलो. या दुसऱ्या सहा वर्षांत मित्राकडून एकही गीत येणार नव्हते, एकही प्रार्थना येणार नव्हती. श्रद्धा आणि गाणे यांवर जुळलेली मैत्री त्यांतले काहीच हाती उरले नसताना सहा वर्षे चालू राहिली, म्हणून ती मला सांगण्याजोगी वाटते.

आणखी एक गोष्ट मनात घोळते. कूपर कधी समुद्रावर गेला नाही. तरी १७९९ साली त्याने जी शेवटची मोठी कविता लिहिली ती भर वादळात जहाजावरून वाहून गेलेल्या खलाशाची आहे. जहाजावरचे सोबती त्याच्या हाका ऐकतात, पण वाऱ्यापुढे त्यांना जहाज थांबवता येत नाही. खरा विषय अ‍ॅन्सन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या सफरीच्या पुस्तकातला आहे, हे मला माहीत आहे. पण ती वाचताना मला बागेच्या पलीकडचा जुना खलाशी आठवल्याशिवाय राहत नाही.

पुन्हा: वृंदगायिका

आपणा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी जुना कागद काढून त्यातला डेकवरचा उतारा खोडला. आमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी एका काकूंना ते आवडणार नाही, कारण मूळ कागद त्यांच्याच यजमानांनी टंकलिखित केलेला होता. तेव्हा रविवारी त्यांच्या घरी जाऊन आधी त्यांना वाचून दाखवीन. नव्या निवेदनात मेणाचे जहाज, वर्षाची गिनी, कोंबड्यांना दाणे टाकतानाचे हसू आणि १७८८ ची उशिरा आलेली कबुली, एवढे चारच प्रसंग ठेवले आहेत. दहा मिनिटांत त्याहून अधिक बसत नाही.

गायनाचा क्रमही बदलला आहे. आधी कूपरचे गूढ मार्गांचे गीत एकच जण गाईल, वाद्यांशिवाय, आणि त्यानंतर न्यूटनचे गीत सगळी मंडळी मिळून गाईल. शेवटचे 'दहा हजार वर्षे' कडवे न्यूटनचे नसले तरी ठेवते आहे, ते काढले तर लोक स्वतःहूनच गातील.

तंबोरा, एक विनंती आहे. आमच्याकडे पुरुष थोडे आणि वरच्या वयाच्या बायका जास्त आहेत. आपण सांगितलेली ती मध्य पंचमावरची उडी त्यांना सहज घेता यावी, तर सा कुठे धरावा?

उत्तर ५: तंबोरा

हार्मोनियमची पांढरी चार. म्हणजे खालचा आणि वरचा असे दोन्ही पंचम पांढरी एकवर येतात आणि सगळ्यांच्या गळ्यात बसतात. काकूंना चढ वाटला तर पांढरी तीनवर उतरा, पण त्याखाली नको. पहिलाच स्वर मंद्र पंचम आहे आणि तो नीट लागला नाही तर सुरुवातच बसते.